समुद्री जकात आणि तुंबलेली बिलं

२०२४ च्या सप्टेंबरात मार्टिनिक बेटावर लोक महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरले. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट पॅरिसपासून जवळपास सात हजार किलोमीटर दूर असलं तरी कायद्याने फ्रान्सचाच भाग आहे. फ्रान्सची सरकारी सांख्यिकी संस्था इन्सी हिच्या २०२२ सालच्या तुलनेनुसार तिथलं खाणंपिणं मुख्य भूमीपेक्षा ४० टक्के महाग आहे. फ्रान्सच्याच ग्वादलूप बेटावर हा फरक ४२ टक्के, रेयुनियन बेटावर ३७ टक्के. १६ ऑक्टोबर २०२४ ला सरकार, स्थानिक सत्ता आणि व्यापारी यांच्यात करार झाला आणि सुमारे ६,००० वस्तूंचे भाव सरासरी २० टक्क्यांनी उतरवायचं ठरलं. तेव्हापासून फ्रान्सच्या अशा समुद्रापारच्या प्रदेशांना द्यायच्या मदतीवर जो वाद चालू आहे, त्यात दोन्ही बाजू एकच चूक करत आहेत. एक बाजू म्हणते, इतकी वर्षं पैसा ओतला, तो गेला कुठे, आता हात आखडा. दुसरी बाजू म्हणते, दिलं ते पुरलं नाही, अजून द्या. दोघांनीही मोजायला एकच माप घेतलंय: युरो. या प्रदेशांतल्या छोट्या धंद्यांना सरकारी मदत हवी यात मला शंका नाही. पण तिचं खरं माप दिवसांचं आहे. पैसा किती दिवसांनी हातात पडतो, यावर तिथला सुतार, प्लंबर, बेकरीवाला आणि गॅरेजवाला जगतो किंवा बुडतो. सध्याची बहुतेक मदत चुकीच्या दिवशी येते, आणि वरातीमागून आलेलं घोडं कितीही उमदं असलं तरी नवरदेवाच्या कामाचं नसतं.

आधी प्रदेश समजून घेऊ, कारण सगळ्यांना एकच न्याय लावण्यातून बराच घोळ होतो. ग्वादलूप, मार्टिनिक, फ्रेंच गयाना आणि रेयुनियन या जुन्या वसाहती १९ मार्च १९४६ च्या कायद्याने फ्रान्सचे जिल्हे झाल्या. त्या कायद्याचा अहवाल संसदेत मांडणारे एमे सेझेर स्वतः मार्टिनिकचे. हिंदी महासागरातलं मायोत बेट २०११ मध्ये जिल्हा झालं. न्यू कॅलेडोनिया आणि फ्रेंच पॉलिनेशिया यांचं वेगळं आहे: तिथे कर आणि सामाजिक विमा स्थानिक सरकारच्या हातात असल्यामुळे पॅरिसला तिथल्या धंद्यांच्या करात किंवा विमा-हप्त्यांत सूट देता येत नाही, रोख, कर्ज किंवा मुख्य भूमीवरच्या गुंतवणूकदाराला करसवलत एवढेच मार्ग उरतात. धंद्यांचा आकार मात्र सगळीकडे सारखाच लहान. बहुसंख्य ठिकाणी मालक हाच एकमेव कामगार. फ्रेंच अँटिल्समध्ये, म्हणजे मार्टिनिक-ग्वादलूपकडे, कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला ‘लोलो’ म्हणतात. मायोतमध्ये त्याला ‘डूका’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्या ‘दुकान’चा सख्खा भाऊ आहे, अरबीतून तो एकीकडे फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, दुसरीकडे स्वाहिलीच्या वाटेने त्या बेटावर पोचला.

मदतीच्या विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा आधी मान्य करतो: खूप पैसा वाया गेला आहे. १९८६ च्या पाँस कायद्याने समुद्रापार गुंतवणूक करणाऱ्याला आयकरात मोठी सूट दिली. त्यातून सहलीच्या नौका आणि हॉटेलं उभी राहिली आणि फायदा मुख्यतः मुख्य भूमीवरच्या श्रीमंत करदात्यांनी उचलला. २००३ च्या जिरार्दाँ कायद्याने शिस्त आणली, पण सांगाडा तोच ठेवला. त्याची रचना अशी: पॅरिस किंवा लियाँचा करदाता एका भागीदारी संस्थेत पैसे घालतो. ती संस्था यंत्र विकत घेते आणि बेटावरच्या धंद्याला पाच वर्षं भाड्याने देते. करदात्याला घातलेल्या रकमेपेक्षा जास्त करसूट मिळते, आणि त्या सुटीतला ठरावीक वाटा भाडं कमी करून बेटावरच्या धंद्याला द्यावा लागतो. छोट्या व्यवहारांत हा वाटा किमान ५६ टक्के आणि मोठ्या व्यवहारांत ६६ टक्के. म्हणजे छोट्या यंत्रासाठी सरकारने १०० युरोंचा कर सोडला, तर त्यातले ४४ पर्यंत वाटेतच राहू शकतात. शिवाय यंत्र घेणारा धंदा पाच वर्षांच्या आत बुडाला तर करदात्याची सूट परत घेतली जाते. मग व्यवहार जुळवणारा दलाल कोणाला निवडेल? ज्याला मदतीची गरज सर्वांत कमी आहे त्याला. आणि साधा व्यापार या सवलतीतून मुळातच वगळलेला आहे, चहा-दारूचे गुत्ते वगळलेले आहेत, बहुतेक खानावळीही. म्हणजे ज्या लोलोच्या नावाने भाषणं होतात, तो या दारातून आत शिरूच शकत नाही.

तेव्हा ‘पैसा गेला कुठे’ हा प्रश्न रास्त आहे. पण त्यावरून ‘मदतच बंद करा’ हा निष्कर्ष कसा निघतो? कालवा गळका निघाला म्हणून शेवटच्या शेतकऱ्याचं पाणी तोडायचं, असा तो हिशोब झाला. त्या शेतकऱ्यापर्यंत पाणी आजवर पोचलंच नव्हतं.

दुसरा मुद्दा अर्थशास्त्राचा आणि जास्त अवघड. मार्टिनिकची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या कितीतरी महापालिकांपेक्षा कमी. एवढ्या बाजारात दही, साबण, रंग किंवा फर्निचर बनवणारा कारखाना मुख्य भूमीच्या भावाशी कधीच बरोबरी करू शकत नाही. मग त्याला संरक्षण देऊन सगळ्या गिऱ्हाइकांना महाग माल घ्यायला का लावायचं? हा युक्तिवाद मुख्यतः एका करावर रोखलेला असतो, आणि मराठी वाचकाला त्या कराची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. त्याचं नाव ‘ऑक्त्रुआ द मेर’, म्हणजे सरळ समुद्री जकात. तिची मुळं १६७० मध्ये मार्टिनिकच्या बंदरात घेतल्या जाणाऱ्या वजनकरापर्यंत जातात. बेटावर उतरणाऱ्या मालावर ती लागते, दर तिथली प्रादेशिक सभा ठरवते, आणि पैसा मुख्यतः कम्यूनना, म्हणजे नगरपालिकांना जातो. आज पाच जिल्ह्यांत मिळून वर्षाला दीड अब्ज युरोंहून अधिक रक्कम त्यातून येते. स्थानिक उत्पादकाला कमी दर किंवा माफी असते, आणि वर्षाला ५,५०,००० युरोंपेक्षा कमी विक्री असलेला उत्पादक या कराच्या बाहेरच राहतो.

अशा संरक्षणात मुळात काही गैर आहे का? १६७१ च्या डिसेंबरात शिवाजी महाराजांनी कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेलं पत्र आठवा. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातून येणारं मीठ स्वस्त पडत होतं, व्यापारी तिकडे वळत होते, आणि स्वराज्यातल्या मिठागरांचं गिऱ्हाईक तुटत होतं. त्यावर महाराजांनी बारदेशाच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. छोट्या उत्पादकाला बाजारात टिकवण्यासाठी जकात वापरायची, हा विचार युरोपातून शिकावा लागला नव्हता. उलट त्याच काळात फ्रान्स आपल्या बेटांवर नेमकं उलटं करत होता. ‘एक्सक्लूसिफ’ या व्यवस्थेखाली वसाहतींनी फक्त मायदेशाशी व्यापार करायचा, कच्चा माल पाठवायचा आणि तयार माल तिथूनच घ्यायचा. ती व्यवस्था कडकपणे राबवायला आलेल्या राज्यपालाला मार्टिनिकच्या मळेवाल्यांनी १७१७ च्या मे महिन्यात पकडून जहाजात बसवलं आणि फ्रान्सला परत पाठवलं. आज बेटांवर कारखाने कमी आणि कंटेनर जास्त दिसतात, याची पाळंमुळं त्या व्यवस्थेत आहेत. ज्या प्रदेशाला दीडशे वर्षं काही बनवूच दिलं नाही, त्याला आज ‘तुम्ही स्वस्तात बनवू शकत नाही’ असं सुनावणं मला न्यायाचं वाटत नाही.

मात्र मिठाच्या पत्रात एक गोष्ट होती आणि समुद्री जकातीत ती हरवली आहे. मीठ स्वराज्यात पिकत होतं. मार्टिनिकमध्ये गाडीचे सुटे भाग बनत नाहीत, मोबाइल बनत नाही, चष्म्याची काच बनत नाही, तरीही अशा मालावर जकात लागते. इथे संरक्षण कोणाचं होतं? कोणाचंच नाही, ती निव्वळ वसुली आहे. आणि ही वसुली सर्वांत जास्त बोचते ती छोट्या धंद्यालाच, कारण जकात मालाच्या कारखान्यातल्या किमतीवर बसत नाही, किंमत, विमा आणि जहाजभाडं यांच्या बेरजेवर बसते. समजा, एक पंप फ्रान्समध्ये १०० युरोंना मिळतो. भाडं आणि विमा २०, म्हणजे बंदरात १२०. जकात २० टक्के धरली तर २४, एकूण १४४. आता घाऊक व्यापारी २० टक्के आणि किरकोळ विक्रेता ३० टक्के नफा आपापल्या खरेदी किमतीवर लावत असेल, तर गिऱ्हाइकाला तो पंप २२४ युरो ६४ सेंटला पडतो. जकात नसती तर १८७ युरो २० सेंटला पडला असता. तिजोरीत गेले २४, गिऱ्हाइकाच्या खिशातून गेले ३७ हून अधिक. व्हॅट पावतीवर वेगळा दिसतो. ही जकात किमतीत मुरून जाते, त्यामुळे लोकांना तिचा राग येतो पण तिचा हिशोब सापडत नाही. कच्चा माल आणि यंत्रसामग्री यांना जकात माफ करायची सोय कायद्यात आहे. पण त्या माफीचा खरा फायदा स्वतः कंटेनर मागवणाऱ्याला होतो. दोन पिंपं रंग गावातल्या घाऊक व्यापाऱ्याकडून घेणाऱ्या रंगाऱ्याला जकात भरलेलाच माल मिळतो. आणि ५,५०,००० च्या खालचा जो उत्पादक कराबाहेर आहे, त्याला आपल्या खरेदीवरची जकात वजा करून घेता येत नाही. माफीची पाटी त्याच्या दारावर, आणि भार त्याच्याच पाठीवर.

मग जकात रद्दच का करू नये? फ्रान्सच्या लेखा न्यायालयाने २०२४ मध्ये या करावर कठोर टीका केली, आणि आंदोलनातही ही मागणी झाली. इथे घाई करणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावं. दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशीच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लावणारी जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली. पण जाण्याआधी राज्याने महापालिकांच्या भरपाईचा कायदा केला, भरपाईत दरवर्षी चक्रवाढीने ८ टक्के वाढ धरली, आणि हप्ता दरमहा आगाऊ द्यायचं ठरवलं. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात मुंबई महापालिकेच्या हातात सुमारे ६४७ कोटींचा धनादेश पडला. महापालिकेची स्वायत्तता कमी झाली ही तक्रार खरी आहे, पण कचऱ्याची गाडी एक दिवसही थांबली नाही. त्याआधीचा प्रयोग आठवा: जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आणला, तेव्हा २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. त्यांचा रोष कराच्या दरापेक्षा नव्या नोंदी, नवे हिशोब आणि तपासणीच्या भीतीवर जास्त होता. नाक्यावर एकदा पैसे भरून मोकळं होणं छोट्या व्यापाऱ्याला महाग पडत असेल, पण कळत होतं. करपद्धती बदलताना छोट्या माणसाला लागणारा वेळ हाही खर्चच असतो, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

बेटांवर तर भरपाईशिवाय जकात काढली तर पहिला बळी छोटा धंदाच जाईल. कम्यूनच्या उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा याच जकातीतून येतो, आणि गावातल्या प्लंबर, गवंडी, इलेक्ट्रिशियन, छापखानेवाला यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक कम्यूनच आहे. इथे आपण मूळ दुखण्यापाशी येतो. या गिऱ्हाइकाकडून बिलं निघत नाहीत.

कायदा काय म्हणतो? फ्रान्समध्ये सरकारी खात्यांनी आणि स्थानिक संस्थांनी ३० दिवसांत आणि सार्वजनिक रुग्णालयांनी ५० दिवसांत पैसे द्यायचे. कम्यूनच्या ३० दिवसांतले २० महापौरांच्या कार्यालयाचे आणि १० कोषागाराच्या लेखापालाचे. उशीर झाला तर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा ८ टक्के जास्त व्याज आणि वर ४० युरो, तेही न मागता मिळायला हवेत. कागदावर याहून चांगलं काय असणार? आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. ठेकेदार शाळेचं छप्पर दुरुस्त करतो. २०२० पासून अगदी एकट्या कारागिरालाही सरकारी बिल ‘कोरस प्रो’ या संकेतस्थळावरूनच पाठवावं लागतं. काम फोनवर सांगितलं गेलं होतं, मागणीपत्राचा क्रमांक कोणी दिलाच नाही. क्रमांक नाही म्हणून बिल परत येतं, आणि दिवस पुन्हा शून्यापासून मोजले जातात. क्रमांक मिळाला तर ‘काम झालं’ या शेऱ्यावर सही करणारा अधिकारी जागेवर नसतो. सही झाली तर महापौर देयक-आदेश टेबलावर धरून ठेवतात, कारण खात्यात पैसे नाहीत हे त्यांना माहीत असतं. आदेश निघालाच तर लेखापाल एखादा कागद कमी असल्याचं कारण सांगून परत पाठवतो. यातला एकही जण लबाड असायची गरज नाही. प्रत्येक टेबलावर दोन-तीन आठवडे गेले की ३० दिवसांचे सहा महिने होतात. व्याज मागायचा हक्क ठेकेदाराला आहे, पण पुढचं काम त्याच महापौराकडून मिळवायचं असताना तो कोण मागेल?

वरचा उपायही कायद्यात आहे. बिलाबद्दल वाद नसेल तर ठेकेदार प्रेफेकडे, म्हणजे सरकारने नेमलेल्या जिल्हाप्रमुखाकडे जाऊ शकतो. प्रेफे कम्यूनला नोटीस देतो आणि एका महिन्यात हालचाल झाली नाही तर स्वतःच देयक-आदेश काढतो. पण आदेशाने तिजोरी भरत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आदेश निघालेलं बिल पैसे येईपर्यंत लेखापालाकडे पडून राहतं.

आणि आता या साखळीची सर्वांत क्रूर कडी. कम्यूनकडे ज्याचे पैसे अडकलेत, तो ठेकेदार स्वतःचे सामाजिक विम्याचे हप्ते वेळेवर भरू शकत नाही. हप्ते थकले की वसुली करणारी संस्था त्याला थकबाकी नसल्याचा दाखला देत नाही. दाखला नसेल तर सार्वजनिक कंत्राट मिळत नाही, आणि बऱ्याच मदत योजनांचं दारही बंद होतं. थकबाकीचे हप्ते बांधून घेतले तर दाखला मिळू शकतो, पण हप्ते बांधायलाही हातात थोडी रोकड लागते. सार्वजनिक सत्तेचा एक हात त्याचे पैसे दाबून ठेवतो आणि दुसरा हात त्याला बुडवा ठरवतो. अशा माणसाला यंत्रखरेदीवर करसूट देऊ करणं म्हणजे तहानलेल्याला विहीर खणायचं कर्ज देणं.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. कम्यूनने मान्य केलेलं बिल ३१ व्या दिवशी राष्ट्रीय कोषागाराने भरावं आणि ती रक्कम कम्यूनच्या जकातीच्या किंवा सरकारी अनुदानाच्या वाट्यातून कापून घ्यावी. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही: फ्रान्समध्ये स्थानिक संस्थांना आपली रोकड कोषागारातच ठेवावी लागते, त्यामुळे कोणाच्या खात्यात किती आहे हे कोषागाराला रोज दिसतं. बिल नाकारायचं असेल तर १० दिवसांत आणि सगळी कारणं एकाच वेळी लिहून नाकारावं. पहिल्यांदा क्रमांक नाही म्हणून आणि दुसऱ्यांदा शिक्का नाही म्हणून, असं चालू नये. आणि सार्वजनिक संस्थेकडून मान्य येणं थकलेलं असेल, तर तेवढ्या रकमेपुरती विमा-हप्त्यांची थकबाकी दाखल्याच्या आड येऊ नये.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते दोन्ही गंभीर आहेत. पहिला: निवडून आलेल्या महापौराच्या तिजोरीत पॅरिसने हात घालायचा का? वसाहतीचा इतिहास असलेल्या प्रदेशात हा प्रश्न हलका नाही, आणि उंटावरून शेळ्या हाकणारा कारभार या बेटांनी पुष्कळ भोगला आहे. पण इथे खर्च करायचा निर्णय महापौराचाच आहे, काम त्यांनीच सांगितलं आणि बिल त्यांनीच मान्य केलं. स्वायत्ततेत कर्ज काढायचा हक्क येतो. गावच्या गवंड्याकडून त्याच्या संमतीशिवाय बिनव्याजी कर्ज काढायचा हक्क येत नाही. दुसरा आक्षेप: कोषागार भरतंय म्हटल्यावर कम्यून बेफिकीर होतील. म्हणूनच कपात आपोआप आणि त्याच तिमाहीत व्हायला हवी. आज बेफिकिरीची किंमत ठेकेदार मोजतो. उद्या ती अंदाजपत्रकात महापौरांना दिसेल.

भारताच्या अनुभवातूनही इथे एक धडा मिळतो. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघुउद्योगांची बिलं ४५ दिवसांत द्यायचं बंधन घातलं. ते बरीच वर्षं कागदावरच राहिलं. मग आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळणार नाही. २०२४ च्या मार्चअखेरीला खासगी खरेदीदारांची धांदल उडाली, कारण पहिल्यांदाच उशिराची झळ देणाऱ्याला बसत होती. पण खरेदीदार जेव्हा महापालिका किंवा सरकारी खातं असतं, तेव्हा आयकराची भीती निरुपयोगी ठरते, कारण ते आयकर भरतच नाहीत. सरकारी देणेकऱ्याला झळ पोचवायची तर त्याच्या अनुदानातूनच कापावं लागतं. महाराष्ट्रातल्या कोणत्याही छोट्या ठेकेदाराला हे समजावून सांगायची गरज पडू नये.

कंत्राटं राखून ठेवण्याच्या योजनेबद्दल थोडक्यात. २०१७ च्या ‘खऱ्या समतेच्या’ कायद्याने समुद्रापारच्या सार्वजनिक खरेदीदारांना पाच वर्षांच्या प्रयोगादाखल एक तृतीयांश कंत्राटं स्थानिक छोट्या-मध्यम धंद्यांसाठी राखायची मुभा दिली. रकमेची मर्यादा मात्र त्या क्षेत्रातल्या आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी खरेदीच्या १५ टक्के. ५,००,००० युरोंवरच्या कामात मोठ्या कंपनीने स्थानिक पोट-ठेकेदारांची योजना जोडायची. कल्पना चांगली होती आणि वापर नगण्य झाला. ‘राखू शकतील’ असं लिहिलं, ‘राखतील’ असं नाही. तीन वर्षांची क्षेत्रवार सरासरी काढायला छोट्या कम्यूनकडे माणूस नव्हता. आणि न्यायालयात कंत्राट रद्द होईल या भीतीने खरेदी अधिकाऱ्याने जुनाच रस्ता धरला. यात भर घालायची तर पैशांची गरज नाही. सरासरी काढायचं काम प्रेफेच्या कार्यालयाने करावं आणि आकडा दरवर्षी जाहीर करावा. मोठ्या कामाचे चार तुकडे करून निविदा काढावी, म्हणजे छपराचा माणूस छपराला आणि नळाचा माणूस नळाला बोली लावू शकेल.

सगळं सरकारी काम संथच असतं, असं मानायचंही कारण नाही. विमा-हप्त्यांतली सवलत, जी २००९ च्या लोदेऑम कायद्याच्या नावाने ओळखली जाते, ती दर महिन्याच्या पगारपत्रकातच वजा होते. अर्ज नाही, वाट पाहणं नाही. अंदाजपत्रकाच्या वेळी पहिली कात्री बहुधा तिलाच लागते, आणि ते चूक आहे, कारण ती वेळेवर पोचणारी दुर्मीळ मदत आहे. २०२० मध्ये कोविडच्या काळात करखात्याच्या संकेतस्थळावर दोन-चार रकाने भरले की छोट्या धंद्याला महिना १,५०० युरोंपर्यंत मदत मिळत होती. आधी पैसे दिले, तपासणी नंतर केली. मग जहाजभाड्याची मदत तशी का देता येत नाही? आज बेटावरच्या उत्पादकाने आधी स्वतः भाडं भरायचं, मग बिल, जहाजाची पावती, सीमाशुल्काचा कागद आणि पैसे भरल्याचा पुरावा जोडायचा, आणि युरोपीय निधीतून परतफेड येण्याची वाट पाहायची. ज्याच्याकडे तितके दिवस थांबायचं खेळतं भांडवल आहे, त्यालाच ही मदत परवडते.

त्या जलद मदतीतूनही एक मोठा वर्ग सुटला हे मान्य करायला हवं. इन्सीच्या २०१५ सालच्या आकड्यांनुसार मायोतमधले दोन तृतीयांश धंदे नोंदणीबाह्य आहेत, आणि त्या सगळ्यांचा मूल्यवृद्धीतला वाटा ९ टक्के. १४ डिसेंबर २०२४ ला चिदो चक्रीवादळाने ते बेट उद्ध्वस्त केलं, तेव्हा मदत मागच्या वर्षीच्या नोंदलेल्या विक्रीवर मोजायची म्हटल्यावर ज्याची विक्री कुठेच नोंदलेली नाही त्या डूकावाल्याला काय मिळणार? कर चुकवणाऱ्याला करदात्याच्या पैशातून मदत का, हा आक्षेप न्यायाचा आहे. पण त्याच्याकडून उद्या कर हवा असेल तर आज त्याला नोंदणीचं काही कारण द्यावं लागेल: नोंदणी करा, छपराच्या पत्र्यांचे पैसे लगेच घ्या, पहिली दोन वर्षं हप्ते माफ. अशा माणसाला छोटी कर्जं द्यायचं काम ‘अदी’ ही संस्था करते. मारिया नोवाक यांनी बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेपासून प्रेरणा घेऊन ती १९८९ मध्ये काढली, आणि समुद्रापारच्या प्रदेशांत तिचं काम मोठं आहे. न्यू कॅलेडोनियात १३ मे २०२४ पासून पेटलेल्या दंगलींत दोन अब्ज युरोंहून जास्त नुकसान झालं, आणि नंतर विमा कंपन्यांनी दंगलीचं संरक्षण द्यायचं थांबवलं. तिथे दुकान पुन्हा उभं करायला अनुदान दिलं तरी विमा नसल्यामुळे बँक कर्ज देत नाही. तिथली पहिली गरज सरकारने मागे उभं राहून दंगलीचा विमा पुन्हा चालू करण्याची आहे.

समुद्री जकातीत स्थानिक मालाला वेगळा दर लावायची युरोपीय संघाची परवानगी ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. १९९२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ही जकात सीमाशुल्कासारखी असल्याचा निकाल दिला, आणि नवा कायदाही त्याच वर्षी आला. या वेळी क्रम आधीच आखून ठेवता येईल. आधी बिलांचा कोषागारी मार्ग सुरू करायचा. मग कम्यूनच्या भरपाईचं सूत्र वाढीच्या दरासकट कायद्यात लिहायचं. त्यानंतर जे बेटावर बनतच नाही अशा मालाच्या याद्या काढून त्यावरची जकात टप्प्याटप्प्याने उतरवायची, सुरुवात गाडीचे सुटे भाग, अवजारं आणि बांधकामाच्या सामानापासून. आणि मुख्य भूमीवरच्या ज्या मालाचा पर्याय बेटावर खरोखर बनतो, त्याचं संरक्षण ब्रसेल्समध्ये मागताना सोबत प्रत्येक कम्यूनचे बिलं भागवायचे सरासरी दिवस लावायचे, गावाचं नाव आणि महिना घालून.